दुबार पाणी

सोमवार, ३

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. आपण होऊन नाही, कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेतल्या बाईंनी सांगितलं म्हणून. सकाळी त्यांच्यापुढे पिवळं पान नेऊन धरलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, देठ दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "काका, पाणी जास्त होतंय. रबराच्या झाडाला तहान कमी असते. कधी देता, किती देता, ते लिहून ठेवत जा. लिहिलं की खरं काय ते कळतं."

हे मला सांगतात. एकेचाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. लिहिलेलं सगळंच खरं नसतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण वही काढली. एका वेळचा मजकूर एका पानावर, आणि कागदाच्या एकाच बाजूला. छापखान्याची शिस्त मोडवत नाही.

तर हकीकत अशी. हे झाड छापखान्याच्या मालकांच्या खोलीत होतं, म्हणून आम्ही घरात त्याला साहेब म्हणतो. छापखाना बंद झाला त्या दिवशी जो तो काही ना काही उचलून घेऊन गेला. कुणी घड्याळ नेलं, कुणी फिरती खुर्ची. मी साहेबांना कुंडीसकट टेम्पोत बसवून आणलं. हिने दार उघडून "या साहेब, बसा" म्हटलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली. कधी तक्रार नाही. आणि आता तीन आठवड्यांत चार पानं गेली, सगळी खालून. आधी शिरांमधून पिवळं पडतं, मग सगळं, मग हात लावला की सुटून येतं. उरली एकोणीस.

पाणी मीच देतो. दर रविवारी, निळ्या झारीने, एकच झारी. मग जास्तीचं पाणी कोण देतं? घरात आम्ही दोघंच. लेक लग्न होऊन दूर गेलेली.

म्हणजे ही देते. आणि दिलेलं विसरते.

लिहून टाकलं एकदाचं. हिच्या आईला शेवटची सहा वर्षं पोटची मुलगीसुद्धा ओळखू येत नव्हती. हिला त्या "अहो बाई" म्हणायच्या. त्याचीही सुरुवात अशीच झाली होती, भाजीत तीन तीन वेळा मीठ.

बुधवार, ५

कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घातलं. ओली. रविवारपासून थेंब दिलेला नाही.

मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेबांना पाणी दिलंस का गं?"

"मी? नाही हो." मग माझ्याकडे बघत राहिली. एवढं बघण्यासारखं माझ्या तोंडावर काही नव्हतं. म्हणाली, "राहू दे हो. सुकेल."

'राहू दे' हा हिचा ठरलेला शब्द. छापखान्यातला. प्रुफात एखादा शब्द चुकून काटला गेला आणि तो हवाच असला, तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे. ठिपके म्हणजे राहू दे. ही कपबशी फुटली तरी राहू दे म्हणते.

सकाळी दूध उतू गेलं. हिनेच ठेवलेलं. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. मला म्हणाली, "तुम्हाला लक्ष ठेवायला सांगितलं होतं ना." असं काही सांगितलेलं नव्हतं. मी वाद घातला नाही. अशा माणसाशी वाद घालू नये म्हणतात.

शनिवार, ८

आज स्वयंपाकघरात गेलो तर सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या. साखर. चहा. मिठ. तांदूळ. हिच्या ठसठशीत अक्षरात. चाळीस वर्षं जी बाई अंधारातसुद्धा बरोबर डब्याला हात घालायची, तिला आता डब्यावर नाव लिहावं लागतं. तिथेच स्टुलावर बसलो.

मग लाल पेन आणून 'मिठ'चा 'मीठ' केला. तेवढं तरी नीट असू दे.

आमची ओळख प्रुफांवरच झाली. तेव्हा प्रूफ तपासायला दोघं लागत. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं तोंडाने म्हणायचं. दुसऱ्याने समोर छापील कागद ठेवून चूक धरायची. ही वाचायची, मी धरायचो. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "माझं मी वाचून माझं मी तपासलं तर काय बिघडतं?" तर तिथल्या म्हाताऱ्या जुळाऱ्याने अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता सांगितलं, "आपली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नसते, बाबा. डोळा मनातलं वाचतो, कागदावरचं नाही."

बिचारीला आपलं काय होतंय ते दिसत नसणार. मलाच तिच्या वतीने बघावं लागेल.

रविवार, ९

साहेबांचं स्नान झालं. एक झारी, सकाळी साडेसात. ही अजून झोपलेली आहे, म्हणजे मध्ये लुडबूड नाही. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली. एकोणीस पानं.

रविवार, ९

साहेबांचं स्नान झालं. एक झारी. ही आंघोळीला गेली आहे, म्हणजे मध्ये लुडबूड नाही. पानं पुसायला घेतली तर आधीच पुसलेली, आरशासारखी. हिनेच पुसली असणार. पाणीही घातलं असेल काय? विचारायची भीती वाटते. एकोणीस पानं.

मंगळवार, ११

अठरा. हे पान मोठं होतं, माझ्या पंजाएवढं. आणि मातीला आंबूस वास येऊ लागला आहे.

दुपारी ही साहेबांच्या कुंडीखालची थाळी दोन्ही हातांत धरून मोरीकडे जाताना दिसली. थाळी पाण्याने काठोकाठ भरलेली. विचारलं तर म्हणाली, "धुते आहे." धुतलेल्या थाळीत पाणी असतं, पण न धुतलेल्या थाळीत एवढं पाणी कुठून येतं? तिलाही उत्तर माहीत नसणार.

एक युक्ती केली. झारी कपाटावर, पाहुण्यांच्या गाद्यांमागे लपवून ठेवली. तिथे हिचा हात पोचत नाही. न रहे बांस, न बजे बांसुरी.

गुरुवार, १३

झारी सापडत नाही.

सगळं घर पालथं घातलं. गॅलरी, मोरी, पलंगाखाली, चपलांची फळी. हिने काय केलं कुणास ठाऊक. रद्दीत दिली? शेजारी दिली? मी जरा आवाज चढवूनच विचारलं, "झारी कुठे ठेवलीस?"

ही पोळपाट, लाटणं तसंच टाकून बाहेर आली. इकडेतिकडे पाहिलं. मग स्टूल घेतलं, चढली आणि कपाटावरून, गाद्यांमागून झारी काढून माझ्या हातात दिली.

"तिथे कुणी ठेवली?" मी म्हणालो.

स्टुलावरून उतरता उतरता म्हणाली, "मीच ठेवली असेल."

असेल. स्वतः केलेल्या गोष्टीला 'असेल' म्हणते. आणि सत्तरीला टेकलेली बाई त्या डगडगत्या स्टुलावर चढली होती. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मला एकट्याला घर चालवता येईल, भात लावता येतो, अंडी उकडता येतात. पण ही समोर बसलेली असताना हिने मला ओळखलं नाही तर मी काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

शुक्रवार, १४

लेकीचा फोन आला. आधी हिच्याशी बोलली, अर्धा तास, दार लोटून. मग मला दिला.

"बाबा, एक काम करशील? आईला एका डॉक्टरांकडे न्यायचंय."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे तिलाही कळलं आहे. मी हळू आवाजात म्हणालो, "तुला कधी शंका आली?"

पलीकडे आधी दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "झाले काही महिने. पण बाबा, आई घाबरते. तू असं कर, आधी तू तपासून घे. ते काही प्रश्न विचारतात, चित्रं काढायला लावतात. तू बसलास की ती बसेल."

पोरगी माझ्यावर गेली आहे. मी म्हटलं, "अगदी. आधी मी बसतो. नाटक करायला मी कमी नाही." तिला हसू येईल असं वाटलं होतं, पण ती सर्दी झाल्यासारखी नाक ओढत होती. तिकडे हवा खराब आहे म्हणे.

रविवार, १६

पाणी दिलं नाही. माती ओलीच. सतरा पानं.

वरच्या शेंड्याला लाल टोपीसारखं कोंबाचं टोक आहे, त्यात नवं पान गुंडाळलेलं असतं. महिन्याभरात ते उघडलेलं नाही. रोज बघतो. आज रोजच्यापेक्षा जास्त वेळ बघितलं.

मंगळवार, १८

डॉक्टरांकडे जाऊन आलो. पोरगेलेसे डॉक्टर, बोलायला गोड. मी हिला खुणेने 'बघ, काही नाही त्यात' असं दाखवलं आणि पुढच्या खुर्चीवर बसलो.

तारीख विचारली. मी निवृत्त माणूस, तारखेशी माझं काय काम? वार सांगितला. मग तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि पाच मिनिटांनी परत विचारले. सोपे होते. घोडा, खिडकी आणि तिसरा काहीतरी घरातलाच होता. महत्त्वाचं नाही. मग एका गोलात घड्याळाचे आकडे भरायला सांगितले. ते एका बाजूला दाटीवाटीने बसले आणि दुसरी बाजू रिकामी राहिली. मी म्हटलं, "डॉक्टर, ही चूक जुळाऱ्याची, मजकुराची नाही." ते हसले नाहीत. कागदावर काहीतरी लिहीत होते.

मग मी खुर्ची रिकामी केली. हिला म्हटलं, "ये, बस." तर डॉक्टर म्हणाले, "आज एवढं पुरे." हिला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती तशीच. मी चिडलोच. बाहेर बाकावर ही तोंडाला पदर लावून रडत होती. कळलं असावं तिला की कशासाठी आणलंय. मी हात धरला. म्हटलं, "घाबरतेस कशाला? मी आहे ना. तू सगळं विसरलीस तरी मला तर आठवेल."

त्यावर जास्तच रडली.

घरी येऊन चिठ्ठी वाचली. पुढच्या तपासण्यांवर नाव चुकून माझं पडलं आहे. लाल शाईने काटून हिचं घातलं आणि समासात खूण केली.

शनिवार, २२

आज रोपवाटिकेतल्या बाई घरी आल्या. हिनेच बोलावलं होतं. वर्तमानपत्रं पसरली, कुंडी आडवी केली, साहेबांना हळूच बाहेर ओढलं. भपकन वास आला. निम्मी मुळं काळी, दाबली की सालीतून सुटून येणारी. बाईंनी कात्रीने ती सगळी कापली. कापल्यावर देठातून पांढरा चीक आला. तो पाहिल्यावर मला बाहेर जावंसं वाटलं, पण गेलो नाही.

"एवढं पाणी कोण घालतं हो?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

ही म्हणाली, "मी."

एकदाही अडखळली नाही. कबूल केलं. मला वाटलं होतं की ती कबूल झाली तर बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

नवी माती, नवी कुंडी, तळाला भोकं. "जगेल का?" मी विचारलं.

"सांगता येत नाही, काका. मुळंच थोडी उरलीत. आता दोन आठवडे पाण्याचा थेंबसुद्धा घालायचा नाही. घातलात तर संपलं." हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, हिच्याकडे नाही. घरात जबाबदार कोण ते परक्या माणसाला बरोबर कळतं. पंधरा पानं.

रविवार, २३

साहेबांचं स्नान झालं. एक झारी, सकाळी साडेसात. ही अजून झोपलेली आहे. कुंडी नवी दिसते, ही कधी आणली? छान आहे. माती अगदी कोरडी ठणठणीत होती, कुणाचं लक्षच नाही. घातलेलं पाणी घटाघटा प्याली.

सोमवार, २४

सकाळी बोट घातलं. ओली. दोन आठवडे थेंब घालायचा नाही असं परवाच सांगून गेल्या होत्या, हिच्या देखत. खालची आणखी दोन पानं पिवळी.

आता डॉक्टरांना पुरावा दाखवल्याशिवाय गत्यंतर नाही. कागद घेतला, रेघा मारल्या, तक्ता केला. एका बाजूला रविवारची तारीख, दुसऱ्या बाजूला मी किती पाणी घातलं ते. ९: एक झारी. १६: नाही. २३: नाही. आठवणीतूनच लिहिला, वही उघडायची गरजही पडली नाही. त्यावरून सिद्ध होतं की बाकीचं पाणी दुसऱ्या कुणाचं.

पण मूळ प्रतीशी ताडून न पाहता प्रूफ बाहेर सोडायचं नाही, हा नियम. आणि ताडायला दोघं लागतात. दुसरं कोण आहे? शेवटी हिलाच हाक मारली. म्हटलं, "अगं, मूळ वाचतेस का? फक्त रविवार वाच. इतर पानं नको." चाळीस वर्षांत हिने सांगितल्याबाहेर एक अक्षर वाचलेलं नाही.

चष्मा लावून समोर बसली. मी तक्ता पुढे घेतला, लाल पेनचं टोपण काढलं. किती वर्षांनी. आवाज तसाच आहे हिचा, सपाट, स्वच्छ.

"रविवार, स्वल्पविराम, नऊ. नवी ओळ. साहेबांचं स्नान झालं, पूर्णविराम. एक झारी, स्वल्पविराम, सकाळी साडेसात, पूर्णविराम..."

बरोबर. मी खूण केली. मग पानं उलटल्याचा आवाज झाला, आधी दोन एकदम, मग एकेक.

"रविवार, स्वल्पविराम, सोळा."

"थांब. पहिल्यांदा दोन पानं एकदम उलटलीस."

"नाही."

"कान आहेत मला. मधलं वाच."

"राहू दे हो," ती म्हणाली.

"मुळात आहे ते वाचायचं. जसं आहे तसं."

तिने पानं मागे उलटली. वाचायच्या आधी एक मोठा श्वास घेतला. "रविवार, स्वल्पविराम, नऊ. नवी ओळ. साहेबांचं स्नान झालं, पूर्णविराम. एक झारी, पूर्णविराम..."

"ओळ दुबार पडली आहे," मी म्हणालो. सवयीने. जुळाऱ्याची नजर चुकून तीच ओळ पुन्हा लागते, त्याला दुबार म्हणतात. हातातला पेन खूण करायला खालीसुद्धा गेला. आणि मग हात तिथेच राहिला, कारण इथे जुळारी कुणी नव्हता.

"अक्षर कुणाचं आहे?" मी विचारलं.

"तुमचं."

"आणि तेवीसला?"

तिने वाचलं. साहेबांचं स्नान झालं. कुंडी नवी दिसते. घटाघटा. पूर्णविरामासकट सगळं वाचलं, आवाज न हलवता. मला वाटतं तिने आयुष्यात वाचलेलं सगळ्यात अवघड प्रूफ तेच असणार.

रस्त्यावरून कुणीतरी गाडी धूत असल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "किती दिवस?"

"वर्ष होईल."

"डब्यांवरच्या चिठ्ठ्या..."

"तुमच्यासाठी. तुम्ही चहात मीठ घातलं होतं."

"दूध?"

"सांगितलं होतं मी. दोनदा."

"थाळी?"

"तुम्ही दोनदोनदा घालता ना. मग मी दुपारी खालचं पाणी ओतून टाकते. तेवढ्यावर इतके दिवस तगलं." मग म्हणाली, "सांगायचं कसं तेच कळत नव्हतं. तुम्ही माझीच काळजी करत होतात."

मी तक्ता फाडला नाही. २३ समोरचं 'नाही' काटलं आणि वर लिहिलं: एक झारी. चूक दुरुस्त करता येते, एवढंच मला येतं.

मंगळवार, २५

पहाटेपासून जागा. हिच्यासाठी घाबरत होतो ती भीती निदान ओळखीची होती. तिच्यात करण्यासारखं काहीतरी असायचं, लपवायचं, समजवायचं, हात धरायचा. ही भीती वेगळी आहे. हिच्यात मी कुठे उभा राहून बघू तेच कळत नाही. जो घाबरतो आहे तोच पुसला जाणार आहे.

सगळ्यात मोठी भीती ही की उद्या मला हे माहीत नसेल. हिने वाचलं, मला कळलं, आणि ते कळणंच गळून पडलं तर? म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने मोठ्या अक्षरात लिहिलं: पाणी घालणारा मीच आहे. खाली दोन रेघा ओढल्या. हिला दाखवलं. तिने 'ऱ्हस्वदीर्घ बरोबर आहे' एवढंच म्हटलं आणि झारी आपल्याकडे घेतली.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नाव पुन्हा माझं घातलं. माझ्या नावाखाली ठिपके दिले.

गुरुवार, २७

झारी जागेवर नाही. सगळीकडे पाहिलं. हिने कुठेतरी टाकली असणार आणि आता तिला आठवत नसणार. हिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आज लेकीला फोन करून स्पष्ट सांगायला हवं. एकट्याने किती दिवस झाकायचं?

गुरुवार, २७, नंतर

फोन करायला लेकीचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असतो म्हणून ते उघडलं. तिथे लाल अक्षरं.

ती माझ्याच हातची आहेत. दोन रेघासुद्धा माझ्याच. मग मागची पानं वाचत बसलो, २४ तारखेच्या सोमवारपर्यंत. वाचताना दुसऱ्या कुणाच्या घरात डोकावल्यासारखं वाटत होतं. नंबर फिरवला नाही. फिरवला असता आणि पलीकडून लेकीने "बरं बाबा" म्हटलं असतं, तर तिलाही ते कितव्यांदा म्हणावं लागलं असतं कुणास ठाऊक.

हिला सांगितलं. लपवणार होतो, पण सांगितलं. ती भांडी पुसत होती. "कळलं ना तुमचं तुम्हाला," म्हणाली. "आज कळलं ना."

शनिवार, २९

आता रोज संध्याकाळी चहानंतर ही वही मोठ्याने वाचते आणि मी ऐकतो. आधी फक्त रविवार वाचायची, काल मीच म्हटलं, सगळं वाच. आता लपवण्यासारखं काय राहिलं आहे?

पण एकदा म्हटल्यावर मला माझीच लाज वाटायला लागली. म्हणून काल तिच्या आधी वही घेऊन बसलो आणि हिच्याविषयी जे जे वाईट लिहिलं होतं ते लाल शाईने काटत सुटलो. 'दिलेलं विसरते.' काट. 'अशा माणसाशी वाद घालू नये.' काट. 'हिने मला ओळखलं नाही तर मी काय करायचं.' तेही काटलं. पानं लाल झाली, आणि मनाला जरा बरं वाटलं.

आज ती वाचायला बसली, तर एकही ओळ गाळली नाही. काटलेलंसुद्धा सगळं वाचलं. मी म्हटलं, "अगं, ते काटलंय." तिने वही माझ्याकडे फिरवली. प्रत्येक काटलेल्या ओळीखाली पेन्सिलीने बारीक ठिपके. एकसारखे, एका अंतरावर, तिच्या जुन्या हाताचे.

"हे कशाला ठेवायचं?" मी विचारलं. "सगळं चूक आहे ते."

"चूक असेल. पण माझ्यासाठी इतकं कुणी घाबरलेलं मला आजवर माहीत नव्हतं. लिहूनसुद्धा ठेवलंत. राहू दे."

मग उठून साहेबांकडे गेलो, कारण डोळे पुसायला कुठेतरी जायला हवं होतं. तेरा पानं आहेत. सोमवारनंतर पिवळं काही नाही. माती कोरडी. वरचं लाल टोक तसंच मिटलेलं, उघडेल की नाही सांगता येत नाही. बोट घातलं नाही, हिला विचारलं. ती म्हणाली कोरडी आहे, आणि मी मानलं.

परत येऊन बसलो. उद्या रविवार. झारी तिच्या कपाटात आहे, किल्ली तिच्याकडे, आणि हे सगळं मला आत्ता माहीत आहे. उद्या सकाळी साडेसातला माहीत असेल का, ते माहीत नाही. मी तिला सरळच विचारलं, "आणि उद्या झारी सापडली नाही म्हणून मी परत तुलाच धरलं तर?"

तिने वही मिटली, पेन्सिल आत ठेवली.

"तर म्हणेन, मीच ठेवली असेल."